दर ऑगस्टमध्ये घसरणारे ॲव्हरेज : जुन्या डिझेल पिकअपची तपासणी कोठून सुरू करावी

माझी डिझेल पिकअप २०११ सालची आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून ती हातखंबा, पाली, साखरपा आणि आंबा घाट या मार्गाने कोल्हापूरला जाते आणि परतताना बहुधा रिकामे क्रेट, क्वचित भाजीपाला घेऊन येते. एका बाजूचे अंतर साधारण १३० किलोमीटर आहे. मे महिन्यात ही गाडी लिटरला साडेबारा किलोमीटर देते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ती दारात उभी राहते आणि ऑगस्टमध्ये पुन्हा रस्त्यावर आली, की तीच गाडी, तोच रस्ता आणि तोच चालक असताना ॲव्हरेज साडेदहावर आलेले असते. दिवाळीपर्यंत ते हळूहळू साडेअकराच्या आसपास चढते, त्यामुळे माणूस तक्रार विसरतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पुन्हा समोर उभी राहते. सलग चार वर्षे हे असेच चालले. शंभर किलोमीटरमागे आठ लिटरऐवजी साडेनऊ लिटर डिझेल जाणे, हे फेरीवर पोट असणाऱ्याला परवडणारे नाही.

या चार वर्षांत मी जे खर्च केले, त्यांतले बरेचसे चुकीच्या क्रमाने केले. पहिल्या वर्षी डिझेलवर संशय घेतला, दुसऱ्या वर्षी इंजिनाचा डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून दुरुस्तीला दिले. नोझलचे काम वाईट झाले असे मी म्हणणार नाही. सकाळी गाडी पूर्वीपेक्षा लवकर सुरू होऊ लागली. ॲव्हरेज मात्र १०.५ वरून १०.६ झाले, म्हणजे काहीच झाले नाही. आमच्याकडे ॲव्हरेज पडले, की इंजिन खोलण्याची घाई होते आणि चाकांकडे कोणी पाहत नाही. खाऱ्या हवेत राहणाऱ्या आणि दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा क्रम उलटा असला पाहिजे, हे मला तिसऱ्या वर्षी, तेही पाण्याच्या एका बाटलीमुळे कळले. ती हकिकत पुढे येईलच.

आधी मोजणी

ॲव्हरेज खरोखर पडले आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. टाकी पूर्ण भरून किलोमीटरची नोंद करावी, नेहमीच्या फेऱ्या कराव्यात आणि पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच जागी गाडी उभी करून टाकी भरावी. डिझेलला फेस येतो आणि नळी आपोआप बंद होण्याची वेळ दर वेळी थोडी वेगळी असते, म्हणून पहिल्या वेळी नळी बंद झाली तेथेच थांबावे. पंपाची जागा उतरती असेल, तर टाकीत एखादा लिटर कमी किंवा जास्त सहज बसतो. कोल्हापूरच्या एका जाऊन-येऊन फेरीला मला सुमारे २१ लिटर लागतात. त्यात एका लिटरची चूक म्हणजे जवळपास पाच टक्क्यांची चूक होय. म्हणून एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये आणि निदान तीन वेळा टाकी भरून एकत्रित भागाकार करावा. काट्यावर अंदाज बांधणारे पुष्कळ भेटतात. जुन्या गाडीचा डिझेलचा काटा हा घाटात एक आणि सपाटीवर दुसरे बोलतो.

टायर नवे घातले असतील, तर आणखी एक भ्रम होतो. माझ्या गाडीच्या टायरचा व्यास ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. नक्षी ६ मिलिमीटर झिजली, की व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो, चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते आणि मीटर पावणेदोन टक्के जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर बसवताच हा फुकटचा नफा नाहीसा होतो आणि गाडीत कोणताही दोष नसताना ॲव्हरेज थोडे उतरलेले दिसते. बंदीच्या काळात, काम नाही म्हणून, अनेकजण नवे टायर घालून घेतात, त्यामुळे ऑगस्टच्या हिशेबात हा गोंधळ हमखास मिसळतो. मोबाइलवरील अंतराशी पन्नासेक किलोमीटर ताडून पाहिले, की आपला मीटर किती पुढे धावतो ते समजते.

पंपावरच्या डिझेलचा संशय दूर करणे तसे सोपे आहे. शंका असल्यास ५ लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने माप करून दाखवा, असे पंपावर सांगता येते आणि घनतेची नोंदही पाहता येते. पहाटे थंड डिझेल भरले तर जास्त मिळते, हा समज मी सोडून दिला आहे. डिझेल एका अंशामागे सुमारे ०.०८ टक्के प्रसरण पावते आणि पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने दिवस-रात्रीत तिच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळू लागले, तेव्हापासून जुन्या गाड्यांचे ॲव्हरेज गेले असेही ऐकू येते. त्या डिझेलातील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले, हे खरे आहे. पण तेच डिझेल मे महिन्यात साडेबारा देत असेल आणि ऑगस्टमध्ये साडेदहा, तर दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

चाके

तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये साखरप्याला चहासाठी थांबलो असताना चिखलाने माखलेल्या चाकावर मी सहज बाटलीतले पाणी ओतले. मागच्या उजव्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, पाणी पडताच तव्यावर शिंतोडा पडावा तसा चुर्र आवाज झाला आणि वाफ आली. बाकीच्या तिन्ही चाकांवर पाणी ओतले, तेव्हा ते नुसतेच ओघळून गेले. घाट अजून लागायचा होता आणि हातखंब्यापासून मी ब्रेक फारसा वापरला नव्हता. म्हणजे ते एक चाक सबंध वाटभर ब्रेक लागलेल्या स्थितीत फिरत होते.

हा ओढा चालकाला स्टिअरिंगवर जाणवत नाही, विशेषतः मागच्या चाकाचा. त्याची किंमत मात्र मोजता येते. एका चाकाने १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो वजनाइतका ओढा सतत मागे दिला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाला त्या चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी डब्यात, जवळपास १.४ किलोवॅट उष्णता तयार होते. घरातल्या इस्त्रीपेक्षा ती जास्त आहे. एक किलोमीटर जाताना ०.१ मेगाज्यूल ऊर्जा अशी वाया जाते. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि जुन्या इंजिनाने तिच्यातील ३० टक्के चाकापर्यंत पोहोचवली असे धरले, तर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ एक लिटर डिझेल केवळ एक ड्रम तापवण्यासाठी जळते. माझ्या गाडीत दीड लिटरचा फरक होता. त्यांपैकी एक लिटर येथे सापडला.

तपासणीची रीत अशी आहे. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटर गाडी चालवून, शेवटचा भाग शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या मधोमध पाण्याचे शिंतोडे मारून पाहावे. हात लावून पाहू नये, कातडी सोलून निघते. ज्या चाकातून आवाज येईल, ते जॅकवर उचलून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावून, हातब्रेक सोडून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने फिरवावे. हलका घासल्याचा आवाज चालतो, पण चाक एका झटक्याने दोन-तीन फेरेही घेत नसेल, तर ते अडकले आहे. मागच्या चाकासोबत डिफरन्शिअलही फिरत असल्याने ते पुढच्या चाकापेक्षा जड लागते, म्हणून त्याची तुलना दुसऱ्या मागच्या चाकाशीच करावी.

चाक अडकलेले आढळल्यास ते कशामुळे अडकले, हे शोधण्याची एक जुनी युक्ती मला आमच्या मेस्त्रींनी दाखवली. चाक उचललेलेच ठेवून त्या चाकाच्या ब्रेकमधील हवा काढण्याचे निपल थोडे ढिले करावे. थोडे ब्रेक ऑइल उडून चाक लगेच मोकळे झाले, तर दाब नळीत अडकून राहत आहे. आतून फुगलेली रबरी होज किंवा पेडलने ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर हे त्याचे कारण असते. निपल उघडूनही चाक जड राहिले, तर दोष यांत्रिक आहे आणि मग हातब्रेकची केबल सोडून पाहावी. केबल सोडताच चाक मोकळे झाले, तर केबल आतल्या आत गंजली आहे. तरीही मोकळे झाले नाही, तर ड्रम उघडण्याशिवाय इलाज नाही. ही तपासणी झाल्यावर ब्रेकमधील हवा काढून आणि पेडल पाहूनच गाडी रस्त्यावर आणावी, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या गाडीत दोन दोष एकदम होते. हातब्रेकची केबल गंजून अर्ध्यात अडकली होती आणि चाकातल्या ब्रेकच्या सिलिंडरचा (व्हील सिलिंडरचा) एक पिस्टन बाहेर येत होता, पण पुरता मागे जात नव्हता. ड्रम काढताना तो हातोडीने ठोकून काढावा लागला आणि आतून लालसर भुकटीचा ढीग खाली पडला. ही भुकटी फुंकून किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर एका बाजूने बोटाच्या नखाएवढ्या जाडीचे राहिले होते. दिवाळीपर्यंत ॲव्हरेज आपोआप का सुधारत असे, याचे उत्तर त्या लायनरमध्ये होते. गाडी बरी होत नव्हती, लायनर झिजून झिजून ड्रमपासून दूर जात होते.

चाक मोकळे करून, केबल आणि सिलिंडर नवे घालून ॲव्हरेज ११.७ वर आले. पुढच्या ऑगस्टमध्ये ते पुन्हा पडले आणि पुन्हा तेच, मागचे उजवे चाक तापलेले निघाले. दोन्ही मागची चाके एकाच हवेत, एकाच अंगणात उभी असतात. मग दर वेळी उजवेच का, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. उत्तर मिळवण्यासाठी मी गाडीत बर्फ आणि मासळी भरलेली असताना खाली वाकून पाहत बसलो. हौद्याच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात पाणी जाण्यासाठी भोक आहे. मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी त्या भोकातून ठिबकते, चासीच्या पट्टीवरून ओघळते आणि थेट ड्रमच्या मागच्या ताटलीवर, जेथे हातब्रेकची केबल आत शिरते, तेथे पडते. आठ-दहा महिने हे मिठाचे पाणी तेथे पडत राहते आणि मग गाडी दोन महिने पावसाळी हवेत उभी राहते. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे तो भाग कधी कोरडा होतच नाही.

पहिला उपाय म्हणून मी त्या भोकाला बूच मारले. तो मूर्खपणा होता. माझा हौदा साधारण अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे. त्यात एक सेंटिमीटर पाणी साचले तरी ४० लिटरच्या वर, म्हणजे ४० किलो वजन होते आणि घाटाच्या वळणावर ते इकडून तिकडे हिंदकळते. आता त्या भोकाला रबरी नळी जोडून ती चाकाच्या बरीच मागे नेली आहे आणि तिच्या टोकाला डबा टांगला आहे. डब्यामुळे रस्त्यावर मासळीचे पाणी सांडत नाही आणि मागून येणारा दुचाकीस्वार घसरत नाही, हा फायदा ॲव्हरेजमध्ये मोजता येत नसला तरी लहान नाही.

पुढच्या चाकांच्या डिस्कब्रेकमध्ये डिस्कला चिमटीत पकडणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिना हेच दुखणे देतात. त्यांना साधे ग्रीस लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. साध्या ग्रीसमुळे रबरी टोपणे फुगतात आणि दोन-तीन महिन्यांत पिन आधीपेक्षा घट्ट बसते. त्यासाठी ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस वेगळे मिळते, तेच वापरावे. ब्रेक ऑइलही हवेतील ओल शोषून घेते आणि सिलिंडरला आतून गंज चढवते. किनाऱ्यावरच्या गाडीत ते दर दोन वर्षांनी बदललेच पाहिजे. ते गळत नाही, म्हणून कोणी बदलत नाही.

दुरुस्तीनंतर चाके खरोखर मोकळी झाली का, हे पाहण्यासाठी सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, सरळ, सपाट आणि निर्मनुष्य रस्ता उत्तम. रिकामी गाडी ताशी ४० किलोमीटरवर नेऊन, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये सोडावी आणि ती थांबेपर्यंत किती अंतर जाते ते मोजावे. वारा आणि उतार यांचा परिणाम निघून जावा म्हणून हेच उलट दिशेनेही करावे. चाक अडकलेले असताना माझी गाडी सरासरी २९० मीटर जात होती, मोकळे झाल्यावर ३७० मीटर गेली.

टायरमधील हवा

येथे फार सांगण्यासारखे नाही. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब गाडी थंड असताना, भारानुसार, स्वतःच्या गेजने भरावा. चाललेल्या गाडीचा टायर गरम होऊन चार-पाच पौंड जास्त दाखवतो, म्हणून वाटेत मोजलेला दाब खरा नव्हे. दोन महिने उभ्या गाडीतली हवा उतरते आणि भार वाहणाऱ्या गाडीचे मागचे टायर जाड असल्याने ती उतरलेली डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मागच्या टायरमध्ये तब्बल १५ पौंड हवा कमी होती. ती भरल्यावर ॲव्हरेज ११.७ वरून १२ झाले.

थर्मोस्टॅट

उरलेला फरक शोधताना एक गोष्ट ध्यानात आली, की पावसाळ्यात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा पाली ओलांडेपर्यंत खालच्या खुणेवरून हलतच नव्हता. त्याचे मला वर्षानुवर्षे कौतुक वाटत असे, कारण आमच्याकडे थंड इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, अशी समजूत आहे. चौकशी केल्यावर समजले, की फार पूर्वी एकदा आंबा घाटात गाडी तापली, तेव्हा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकला होता. हा प्रकार कोकणातल्या जुन्या गाड्यांमध्ये इतका नित्याचा आहे, की गाडी विकत घेताना तो आहे की नाही हे विचारण्याची पद्धत पडायला हवी. गाडी तापण्याचे खरे कारण बहुधा तुंबलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा निकामी पंखा हे असते आणि शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला होते.

थर्मोस्टॅट नसला, तर पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचते किंवा पावसात पोहोचतच नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहिल्याने घर्षण वाढते आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनात संगणक ‘इंजिन अजून थंड आहे’ असे समजून त्यानुसार जास्त डिझेल देत राहतो. तपासणी अगदी सोपी आहे. सकाळी गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर, पंख्यापासून जपून, हात ठेवावा. ती होज बराच वेळ थंड राहून मग एकाएकी गरम झाली, तर थर्मोस्टॅट ठीक आहे. ती सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेली, तर तो उघडा अडकला आहे किंवा जागेवरच नाही. काढलेला थर्मोस्टॅट पाण्यात टाकून पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास, माझ्या गाडीत ८२ अंश, तो उघडू लागतो की नाही हे पाहावे. यासाठी गॅरेजमधले जुने पातेले घ्यावे. मी घरातले घेतले होते आणि ती चूक मला अजूनही जेवताना ऐकवली जाते. नवा थर्मोस्टॅट बसवून, रेडिएटर साफ करून घेतल्यावर ॲव्हरेज १२.४ झाले.

इंजिन

एवढे करूनही फरक उरला, तरच इंजिनाकडे वळावे. तेथेही स्वस्त गोष्टी आधी तपासाव्यात. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये भरते आणि पावसात तीच ओली होऊन कागदाला लिंपल्यासारखी बसते. असा फिल्टर झटकून उपयोग नसतो, बदलावाच लागतो. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी आहे. अर्धी टाकी रिकामी ठेवून पावसाळ्यात गाडी उभी केली, की टाकीतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होऊन असे साचते.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तेथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होज हाताने दाबून पाहाव्यात. क्लिपजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग असेल, तर तेथून हवा निसटत आहे. हवा कमी पडली, की चढावर काळा धूर येतो, जोर कमी होतो आणि चालक पाय आणखी दाबतो. तोच काळा धूर उघड्या अडकलेल्या ईजीआर व्हॉल्व्हमुळे (जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेमुळे) किंवा थेंब गाळणाऱ्या नोझलमुळेही येतो, म्हणून नुसत्या धुरावरून नोझल बदलायला जाऊ नये. पांढरा धूर इंजिन थंड असल्याचे किंवा डिझेल न जळल्याचे सांगतो, निळसर धूर ऑइल जळत असल्याचे. पीयूसीच्या जुन्या पावत्या फेकून न देता जपून ठेवाव्यात. त्यांवरील धुराचे आकडे वर्षानुवर्षे कसे चढत गेले, हे इंजिनाच्या प्रकृतीचे फुकट मिळणारे टिपण आहे.

क्लच घसरत असेल, तर तो घाटातच बोलतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला असता इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर डिझेलचे पैसे क्लच प्लेट घासण्यात जात आहेत.

घाटातला हिशेब

गाडी निर्दोष असली, तरी घाट आपला वाटा घेतोच. भरलेली २.८ टनांची गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर चढवायला साडेसोळा मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे वरच्याच हिशेबाने दीड लिटर डिझेल केवळ उंची गाठण्यासाठी जाते. कोल्हापूर स्वतःच साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने ती ऊर्जा परत मिळते ती येताना, तीही रिकाम्या गाडीला. म्हणून जातानाचे आणि येतानाचे ॲव्हरेज वेगवेगळे काढून घाबरून जाऊ नये. हिशेब नेहमी पूर्ण फेरीचा करावा.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांशी मी वाद घालणे थांबवले होते, पण येथे लिहिणे भाग आहे. गिअरमध्ये, पाय काढून उतरताना इलेक्ट्रॉनिक इंजिनात डिझेल पूर्ण तोडले जाते आणि जुन्या यांत्रिक पंपातही गव्हर्नर ते बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला चालू राहण्यासाठी डिझेल द्यावेच लागते. म्हणजे बचतीच्या नावाखाली उलट जास्त डिझेल जाते आणि सगळा भार ब्रेकवर येऊन लायनर तापतात. इंजिन बंद करून उतरणे तर आत्मघात आहे, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनच तयार करते आणि दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखे होते.

लिलाव संपेपर्यंत बंदरावर इंजिन चालू ठेवून उभे राहण्याची सवय मी सोडली आहे. एवढ्या आकाराचे इंजिन जागच्या जागी तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल घेते. हौद्यावरची ताडपत्री सैल फडफडत असेल, तर ती आवळून बांधावी. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे नव्या चौपदरी महामार्गावर ऐंशीने जाताना त्याची किंमत जुन्या रस्त्यापेक्षा पुष्कळ जास्त मोजावी लागते.

३१ मे

आता बंदी लागण्याच्या आदल्या दिवशी मी गाडी गोड्या पाण्याने धुतो आणि त्यातला निम्मा वेळ गाडीच्या पोटाखाली, मागच्या ड्रमच्या मागच्या बाजूला घालवतो. त्यानंतर ब्रेक लावत पाच-सहा किलोमीटर फिरवून ते सुकवतो, टाकी काठोकाठ भरतो, टायरमध्ये थोडी जास्त हवा ठेवतो आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड लावून, हातब्रेक पूर्ण सोडून उभी करतो. हातब्रेक ओढून दोन महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे लायनर ड्रमला चिकटवण्याचा हमखास मार्ग आहे. जागा उंच आणि वारा लागणारी निवडतो. माडाखाली लावत नाही, आणि त्याचे कारण केवळ ओल हे नव्हे. दर दहा दिवसांनी गाडी सुरू करून अंगणात चार हात पुढे-मागे घेतो आणि ब्रेकचे पेडल आठ-दहा वेळा दाबतो.

यंदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन टाक्यांचे ॲव्हरेज ११.९ आले. मागचे उजवे चाक पाणी ओतल्यावर थंड निघाले. चुर्र आवाज आला तो पुढच्या डाव्या चाकातून. कॅलिपरची खालची पिन काढली, तर रबरी टोपण एका बाजूने फाटलेले होते आणि पिनेवर गंजाचा खरखरीत पट्टा चढला होता. पॉलिश पेपरने घासून, सिलिकॉन ग्रीस लावून ती तात्पुरती बसवली आहे. त्या मापाचे टोपण येथे मिळाले नाही, ते पुढच्या फेरीत कोल्हापूरहून आणायचे आहे.